आरोग्यपाठ : मिश्री, तंबाखू, सुपारी आणि मुखाचा कर्करोग
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

हेतू : मुखाच्या कर्करोगाचे मोठे कारण रोजच्या सवयींत आहे व ते टाळणे आपल्या हाती आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विषयविवेचन : कर्करोग म्हणजे दैवाचा घाला, अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्याप आढळते. काही कर्करोगांची कारणे खरोखरच मनुष्याच्या हाती नसतात. परंतु आपल्या देशात पुष्कळ आढळणारा मुखाचा कर्करोग बहुतांशी तसा नाही. तंबाखूची चिमूट ज्या गालात धरली जाते, त्याच गालाच्या आतील अस्तरावर व लगतच्या हिरडीवर तो बहुधा उद्भवतो.

तंबाखूत नायट्रोसअमाइन ही कर्करोगजनक द्रव्ये असतात. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच होय. दात दुखतो म्हणून मुलांना मिश्री लावावयास देणे हे व्यसनाची दीक्षा देण्यासारखे आहे. “सुपारीत तंबाखू नाही, मग ती खाण्यास काय हरकत?” असा प्रश्न मुले विचारतील. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसती सुपारीही मनुष्यास कर्करोगकारक ठरविली. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते व तोंड पुरते उघडेनासे होते. तंबाखूला मद्याची जोड मिळाल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. पालेभाज्या व फळे शरीरास हितकर खरी. परंतु त्यांनी तंबाखूचे विष उतरत नाही. व्यसन सोडल्यावर मात्र धोका वर्षागणिक कमी होत जातो.

कृती : प्रत्येक विद्यार्थ्याने तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत मावतात काय, ते पाहावे. न मावल्यास त्यास वर्गात न हिणवता पालकांस कळवावे.

शिक्षकांस सूचना : मुलाने घरी जाऊन आजीची मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकावी, हा या पाठाचा हेतू नव्हे. तसे केल्यास मूल बोलणी खाईल आणि डबी पुन्हा भरली जाईल. मुलाने स्वतः व्यसनास शिवू नये व घरच्यांना एवढेच सांगावे : तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आरंभी असा व्रण बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. केरळात घरोघर तोंडाची तपासणी करून झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील मृत्यू अशा तपासणीने घटतात, असे त्यात आढळले.

२००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस ते विकण्यास बंदी आहे. म्हणून विद्यार्थ्यास तंबाखूची पुडी आणावयास पाठविणे कोणासही शोभत नाही, शिक्षकास तर मुळीच नाही. मधल्या सुटीत ज्याच्या तळहातावर चुना दिसतो, त्याच्या तोंडून हा पाठ मुलांच्या मनात उतरणार नाही.

फलकलेखन : मिश्री = तंबाखू. न भरणारा व्रण = आरोग्य केंद्र.

स्वाध्याय :
१. मिश्री कशापासून करतात?
२. तंबाखूविना सुपारीही अपायकारक का?
३. न दुखणारा व्रणही वैद्यास का दाखवावा?