कळीचा चुना आणि दहा पावलांवरचा नळ

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतील आमच्या घरी दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देण्याचा प्रघात होता. परसातल्या पिंपात कळी पडली की पाणी खदखदू लागे आणि आई आम्हां मुलांना दूर उभे राहण्याची ताकीद देई. पुढे सिलतऱ्याच्या एका पोलाद-कारखान्यात गुदामाची जबाबदारी पत्करल्यावर ती ताकीद मी विसरलो, आणि त्या विस्मरणाचे मोल एका तरुण हमालाला उजव्या डोळ्याच्या दृष्टीने द्यावे लागले.

छत्तीसगडच्या मैदानात विपुल असलेली चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसच्या वर भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जाऊन 100 भारांमागे 56 भार कळीचा चुना उरतो. लोहरसातील वाळूचा व स्फुरदाचा अंश मळीच्या रूपाने वेगळा करणारा हा उपकारक पदार्थ पाण्याचा तृषार्त असतो, आणि त्याची तृषा अपुऱ्या पाण्याने भागवू पाहिल्यास तो उकळून उसळतो.

एका आषाढात गुदामाचे छप्पर गळून चुन्याची काही पोती भिजली व त्यांतून वाफ निघू लागली. ती थंड व्हावीत म्हणून मी बादलीभर पाणी ओतण्याचा हुकूम दिला. क्षणात उसळलेला चुना त्या तरुण हमालाच्या डोळ्यात गेला. “बाबूजी, आँखी जरत हे,” डोळा जळतो आहे, एवढेच तो म्हणाला. कोणी तूप आणले, कोणी गाडीसाठी धावले. नळ मात्र दहा पावलांवर असून कोणालाच सुचला नाही. डोळ्यावर फडके बांधून आम्ही त्याला शहरातील इस्पितळात नेले, तेथे वरची पापणी उलटून चुन्याचे कण काढण्यात आले. परंतु क्षार ऊतींतील स्निग्धांश विरघळवीत खोल उतरत जातो, आणि आमच्या दिरंगाईत तो उतरून गेला होता. कसूर सर्वस्वी माझी होती.

म्हणून सांगतो. डोळ्यात चुना जाताच पापण्या फाकून, नाकाच्या बाजूकडून बाहेर वाहील अशा बेताने, स्वच्छ पाण्याची संथ धार निदान अर्धा तास सोडावी. 108 क्रमांकावर दुसऱ्याने कळवावे आणि इस्पितळाच्या वाटेवरही धुणे थांबवू नये. डोळा चोळू नये. तूप, गुलाबपाणी वा शिरका घालू नये. अंगावर कोरडी फक्की पडल्यास ती आधी झटकून, माखलेले कपडे उतरवून, मग त्वचा भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. पोटात गेल्यास तोंड धुवावे, वांती करवू नये.

गुदामात चुना उंच ओट्यावर, गळतीपासून व लाकूड-तागासारख्या ज्वलनशील जिनसांपासून दूर ठेवावा. सांडलेला चुना कोरडाच उचलावा. विरवताना भरपूर पाण्यात थोडी थोडी कळी सोडावी, कळीवर पाणी ओतू नये, आणि भांडे बंद करू नये. कडेने बंद असलेले चष्मे व पूर्ण बाह्यांचे कपडे यांचा बंदोबस्त मालकाने करावा. नेत्ररक्षणाची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 35 व्या कलमानेच केलेली होती.

घरोघरीही हा धोका आहे: तंबाखूबरोबर आणलेली चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे दुखावतात, ती त्यांच्या हाती लागू देऊ नये.

आज कोणत्याही गुदामात पाऊल टाकले की हिशेबाच्या वहीआधी मी नळ कोठे आहे ते पाहतो, आणि तो उघडून त्याला पाणी येते की नाही याची खात्री करून घेतो.