व्होल्टा नदीवरील धरण: परकीय कर्ज आणि विजेचा दर

धरण बांधण्यास दगड, माती, सिमेंट व यंत्रे लागतात हे सर्वांस दिसते. परंतु या सर्वांच्या आधी पैसा लागतो. आणि तो परदेशातून कर्जाऊ आणावयाचा असेल, तर कर्जाच्या अटीही धरणाच्या पायाइतक्याच काळजीपूर्वक तपासाव्या लागतात. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या अकोसोम्बो धरणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा देश ‘गोल्ड कोस्ट’ या नावाने ब्रिटिशांच्या अमलाखाली असताना, 1915 मध्ये अल्बर्ट किटसन या भूशास्त्रज्ञाने व्होल्टा नदीवर धरण बांधण्याची कल्पना मांडली. देशात बॉक्साइट हे खनिज होते. बॉक्साइटपासून प्रथम अॅल्युमिना नावाची पांढरी भुकटी मिळते. ती वितळलेल्या क्षारात विरघळवून तीतून विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे अॅल्युमिनियम वेगळे होते. एक किलोग्रॅम धातूसाठी सुमारे 14 युनिट वीज खर्च होते. खाण, वीज आणि कारखाना एकाच देशात असावीत, असा हा विचार होता.

1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला. पूर्वीच्या योजनेचा खर्च भांडवलदारांना न पेलणारा वाटला होता. परंतु पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांनी प्रयत्न सोडला नाही. 1959 मध्ये कैसर या अमेरिकन उद्योगाच्या अभियंत्यांनी योजनेची फेरतपासणी केली आणि धरणाची जागा बदलून खर्च कमी केला. सुमारे 7 कोटी पौंडांपैकी निम्मी रक्कम घानाने स्वतः उभारली. उरलेली जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून कर्जरूपाने आली.

सावकार नेहमी एकच प्रश्न विचारतो: परतफेड कशातून होणार? विजेच्या विक्रीतून, हे त्याचे उत्तर होते. यास्तव धरण पुरे होण्यापूर्वीच मोठे गिऱ्हाईक बांधून घेणे आवश्यक झाले. कैसरचा प्रमुख वाटा असलेली अॅल्युमिनियम कंपनी हे ते गिऱ्हाईक. दुसरे तेवढे मोठे गिऱ्हाईक नसल्याने कंपनीचे पारडे जड राहिले. 1962 मध्ये झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारात विजेचा दर अत्यंत अल्प ठरला. शिवाय कंपनी परदेशातून अॅल्युमिना आणू लागली आणि घानाचे बॉक्साइट या कारखान्याच्या उपयोगी आले नाही. मूळ कल्पनेचा एक पाय असा तुटला.

बांधकाम मात्र उत्तम झाले. 1961 मध्ये सुरू झालेले काम 1963 च्या महापुराने अडखळले, तरी 1965 मध्ये पुरे झाले. जानेवारी 1966 मध्ये एन्क्रुमा यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. पुढच्याच महिन्यात लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. धरणामागे सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. त्याखाली गावे बुडून सुमारे 80,000 माणसे विस्थापित झाली. त्यांच्यासाठी 52 नव्या वसाहती वसवण्यात आल्या. परंतु ज्या विजेसाठी त्यांनी घरे सोडली, ती कित्येकांच्या दारी दीर्घकाळ पोहोचली नाही.

1980 नंतरच्या दशकाच्या आरंभी अवर्षणाने जलाशयाची पातळी फार खाली गेली आणि वीज अपुरी पडली. स्वस्त वीज कोणास व किती द्यावी, हा प्रश्न आता टाळता येईना. अखेर 1985 मध्ये सुधारित करार होऊन कारखान्यासाठी विजेचा दर वाढवण्यात आला.

म्हणून परकीय साहाय्य वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ते कर्ज नसते, तर धरण त्या काळी उभे राहिले नसते. आज त्याची क्षमता 1,020 मेगावॉट असून घानाच्या वीजपुरवठ्याचा ते एक मोठा आधार आहे. शेजारच्या टोगो व बेनिन या देशांनाही घानाकडून वीज जाते. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच: पाण्याची उंची यंत्रास शक्ती देते, परंतु त्या शक्तीचा लाभ कोणास होणार, हे करारातील दर ठरवतो.