करड्या छटांची किमया

(डिजिटल कॅमेऱ्याने काळे-पांढरे छायाचित्र कसे घ्यावे आणि रंगीत छायाचित्राचे काळ्या-पांढऱ्यात रूपांतर कसे करावे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठातील उदाहरणे मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या परिसरातील आहेत.)

उर्दूत आपण ज्याला ‘तसवीर’ म्हणतो, त्याला मराठीत ‘छायाचित्र’ म्हणतात. छाया म्हणजे सावली. प्रकाश आणि सावली यांनी तयार होणारे चित्र ते छायाचित्र. या शब्दात रंगाचा उल्लेखच नाही! आणि खरोखरच, छायाचित्रणाची सुरुवात रंगांवाचून झाली.

आपण ‘काळे-पांढरे’ म्हणतो. पण अशा चित्रात सर्वांत जास्त काम करडा रंग करतो. राख करडी, पावसाळी ढग करडा, पाटीवर पुसलेला खडूही करडाच. उर्दूतला ‘सुरमई’ रंग तो हाच. काळा आणि पांढरा यांच्यामध्ये करड्या रंगाच्या कितीतरी छटा असतात. कोणत्या रंगाला कोणती छटा द्यायची, हाच या कलेतील मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार पूर्वी उभा राहिला होता. 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे अजिंठ्याच्या चित्रांच्या हुबेहूब नकला करण्याचे काम सोपवण्यात आले. अनेक वर्षे खपून त्यांनी मोठमोठी रंगीत चित्रे तयार केली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळून गेली. 

परंतु गिल यांनी कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्यांनी काढलेल्या 74 छायाचित्रांचे एक पुस्तक 1864 मध्ये, म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते. पुस्तकाच्या अनेक प्रती निघतात. एक हरवली तरी दुसरी उरते. त्यामुळे त्या काळी लेणी कशी दिसत होती, हे आज आपल्याला पाहता येते.

या छायाचित्रांत भर आहे तो लेण्यांच्या बांधणीवर आणि शिल्पांवर. भिंतीवरील चित्रांचे फोटो काढणे तेव्हा फार अवघड होते. एक तर लेण्यांत अंधार. दुसरे म्हणजे त्या काळच्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन समजे, पण लाल प्रकाश जवळजवळ समजतच नसे. लाल वस्तू फोटोत काळी पडे आणि निळे आकाश पांढरेफटक होई. अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरूचा लाल रंग भरपूर! कोणता रंग किती करडा व्हावा, हे तेव्हा छायाचित्रकाराच्या हाती नव्हते. आज ते आपल्या हाती आहे. कसे ते पाहू.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी ‘सेन्सर’ असतो. त्यावर लक्षावधी बारीक घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश फक्त मोजते. त्याला रंग कळत नाही. 1975 मध्ये स्टीव्हन सॅसन या अमेरिकन अभियंत्याने कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे चित्र काळे-पांढरेच होते. त्यात केवळ 10,000 ठिपके होते आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. पुढे ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाच्या युक्तीने सेन्सरच्या घरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या बारीक काचा बसवू लागले. निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी. या तीन रंगांच्या मोजमापावरून कॅमेरा रंगीत चित्र तयार करतो. आपल्या मोबाइलमधील कॅमेराही असाच असतो.

आता थोडे गणित करू. प्रत्येक रंगाला 0 ते 255 पर्यंत गुण मिळतात. 0 म्हणजे अंधार, 255 म्हणजे पूर्ण तेज. करडी छटा काढण्याची एक रूढ रीत अशी: लाल गुणांचे 30 टक्के, हिरव्या गुणांचे 59 टक्के आणि निळ्या गुणांचे 11 टक्के घेऊन बेरीज करायची. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग अधिक उजळ वाटतो, म्हणून त्याला मोठा वाटा.

समजा, आपल्या शहरातील प्रसिद्ध हिमरू शालीवर हिरव्या जमिनीवर लाल फूल आहे. फुलाचा लाल 200 आहे. 200 चे 30 टक्के म्हणजे 60. जमिनीचा हिरवा 102 आहे. 102 चे 59 टक्केही सुमारे 60 च! दोन्हींची छटा एकच झाली. डोळ्यांना ठसठशीत दिसणारे फूल काळ्या-पांढऱ्या चित्रात नाहीसे झाले. अशा वेळी संगणकावर किंवा मोबाइलवर लाल रंगाचा वाटा वाढवावा आणि हिरव्याचा कमी करावा. फूल पुन्हा उमलते.

म्हणून काळे-पांढरे करणे म्हणजे नुसते रंग पुसून टाकणे नव्हे. प्रत्येक रंगाची छटा ठरवावी लागते.

फोटो घेतानाही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समोरचे दृश्य मध्यम करडे आहे, असे कॅमेरा साधारणपणे धरून चालतो. बीबी का मकबरा पांढरा आहे. त्याचा खालचा भाग आणि घुमट संगमरवरी असून मधल्या दगडी बांधकामावर गुळगुळीत गिलावा आहे. ही पांढरी इमारत चौकटभर घेतली, तर कॅमेरा तिला मळकट करडी करून टाकतो. तेव्हा अधिक-उणे खुणांच्या बटणाने प्रकाश थोडा वाढवावा. मात्र फार वाढवला, तर गिलाव्यावरची नक्षी पांढऱ्यात विरून जाते; ती नंतर कशानेही परत येत नाही.

वेरूळच्या कैलास लेण्यात याच्या उलट घडते. तेथील खडक काळसर. कॅमेरा त्याला उगाच उजळ करतो. तेथे प्रकाश थोडा कमी करावा. कैलास लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतर तिरपे ऊन शिल्पांवर येते, सावल्या खोल होतात आणि दगडाचा उठाव दिसू लागतो. काळ्या-पांढऱ्या चित्राला अशी सावली फार मोलाची.

मकबऱ्याच्या घुमटामागे निळे आकाश असेल, तर रूपांतर करताना निळ्याचा वाटा कमी करावा. आकाश गडद होते आणि घुमट उठून दिसतो. पण निळा अगदीच कमी केला, तर आकाशात खरखरीत ठिपके दिसतात. कोणतीही गोष्ट बेतानेच करावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: मूळ रंगीत चित्र कधीही पुसू नये. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची सोय असेल, तर सेन्सरने मोजलेले सर्व आकडे जपले जातात. ती नसेल, तर फोटो रंगीत घ्यावा आणि त्याच्या प्रतीवर काम करावे. एकदा केवळ काळे-पांढरे म्हणून साठवलेल्या चित्रातील रंग परत मिळत नाहीत. चित्राबरोबर स्थळ आणि तारीख लिहावी. एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे; ती कटाक्षाने पाळावी.

मित्रांनो, आपल्या गावातील जुनी वेस, घराचा कोरीव दरवाजा, आजीचे चरखा फिरवणारे हात हे सारे कायम राहणारे नाही. आज प्रामाणिकपणे घेतलेले आणि नीट जपलेले एक छायाचित्र उद्या त्यांचा एकमेव पुरावा ठरू शकते.

शब्दार्थ

किमया – जादू, कमाल
छटा – रंगाचा फिकेपणा किंवा गडदपणा
कुंचला – चित्र रंगवण्याचा ब्रश
गिलावा – भिंतीवर चढवलेला चुन्याचा थर
घुमट – गुंबद
उठाव – उभारून दिसणे
वेस – गावाचा दरवाजा
कटाक्षाने – आवर्जून, न चुकता
पुरावा – सबूत

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘छायाचित्र’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) रॉबर्ट गिल यांच्याकडे कोणते काम सोपवले होते?
(इ) पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात किती ठिपके होते?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) हिमरू शालीवरील लाल फूल काळ्या-पांढऱ्या चित्रात दिसेनासे होते.
(आ) कैलास लेण्याचा फोटो घेताना प्रकाश थोडा कमी करावा.
(इ) मूळ रंगीत चित्र पुसू नये.

प्र. 3. एका वस्तूचे गुण लाल 100, हिरवा 100 आणि निळा 100 आहेत. तिची करडी छटा किती येईल?

प्र. 4. ‘तसवीर’, ‘मकबरा’, ‘किमया’ यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी निरीक्षण करा. तिच्या सावल्या कशा बदलतात, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.