‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘कमवा व शिका’ योजनेत मला ग्रंथालयाच्या संगणक कक्षात काम मिळाले. तेथील लिनक्स सर्व्हरवर जुन्या प्रवेश-नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने आहेत. हजारो फायलींतून हवे ते पान काढणे म्हणजे खळ्यावरच्या राशीतून एक दाणा वेचण्यासारखेच! हे काम कसे होते आणि त्यात मी कोठे चुकलो, ते येथे सांगतो.

शोधाच्या दोन रीती आहेत. ‘फाइंड’ ही आज्ञा दर वेळी एकेक कप्पा उघडून पाहते. तिचे उत्तर ताजे असते, पण वेळ फार लागतो. ‘लोकेट’ मात्र आधी तयार केलेली सूची चाळते. आपल्या ग्रंथालयातील कार्डांचे खण आठवा, म्हणजे फरक ध्यानी येईल. या जलद शोधाची कल्पना जेम्स वुड्स यांनी 1983 मध्ये एका लेखात मांडली होती. आज प्रचलित असलेले ‘पीलोकेट’ हे स्टायनर गुंडरसन यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केले. ते नावांतील सलग तीन-तीन अक्षरांच्या गटांची अनुक्रमणी ठेवते. त्यामुळे सारी यादी वाचावी लागत नाही.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीलोकेट’ एवढ्या आज्ञेने ते बसते. नंतर ‘सुडो अपडेटडीबी’ म्हटले की सूची तयार होते. पुढे ती रोज आपोआप नवी होते. ‘लोकेट’पुढे नावाचा तुकडा लिहावा, ‘वजा आय’ जोडल्यास रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद उरत नाही. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. शोध फायलीच्या नावाचा होतो, आतील मजकुराचा नव्हे. आणि ज्या कप्प्यात डोकावण्याची आपणांस परवानगी नाही, त्यातील नावे आपणांस दिसत नाहीत.

आता माझी चूक. गेल्या पावसाळ्यात एक वयस्क बाई आल्या. 1978 साली त्यांनी येथे प्रवेश घेतला होता. वर्षभरात लग्न झाले नि शिक्षण सुटले. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी त्यांना नोंदवहीचे पान हवे होते. मी आज्ञा दिली. एकही ओळ आली नाही.

“मावशी, नोंद नाही,” मी म्हणालो.

“बाळा, नीट बघ की. माझ्या हातानं सही केलीय मी.”

“संगणकच नाही म्हणतोय, मावशी.”

त्या निमूट गेल्या. त्या वर्षाचे एकही पान नसावे, याचे खरे तर मला तेव्हाच नवल वाटायला हवे होते!

संध्याकाळी ग्रंथपाल सरांना सांगितले. ते म्हणाले, “अरे, सूचीत काय घ्यायचे नाही, हे कोठे लिहिले आहे ते वाचलेस का?” ‘ईटीसी’ कप्प्यातील ‘अपडेटडीबी डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडली. ‘प्रूनपाथ्स’ या ओळीत वगळायच्या जागा होत्या. त्यांत ‘मीडिया’ हा कप्पा मुळापासूनच होता. आणि 1975 ते 1980 च्या नोंदवह्या ज्या जादा डिस्कवर होत्या, ती नेमकी तेथेच जोडलेली! ‘फाइंड’ चालवताच पान मिळाले. सरांच्या संमतीने ‘मीडिया’ हा शब्द त्या ओळीतून काढला, सूची पुन्हा केली. मग ‘लोकेट’लाही ते दिसू लागले.

अभ्यागत-वहीतील क्रमांकावर दूरध्वनी करून मावशींना बोलावले. पडद्यावरच्या आपल्या सहीवर त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

मित्रहो, सूची माणसानेच केलेली असते. काय वगळायचे तेही माणूसच ठरवतो. माझी आईही कोणत्याच नोंदवहीत नाही. म्हणून आता ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मी आधी वगळलेल्यांची यादी वाचतो.