आहारशुद्धी आणि पौरुषाचा भ्रम

मांसाहार सोडून वनस्पतिजन्य आहार स्वीकारू पाहणाऱ्या पुरुषाला जिव्हेपेक्षा अभिमानच अधिक आडवा येतो. बळ जाईल, मित्र हसतील, हे भय त्याला मागे ओढते.

महात्मा गांधींनाही किशोरवयात राजकोट येथे हाच भ्रम झाला होता. मांसाने बळ येते व त्या बळाने इंग्रजांना घालविता येईल, असे एका मित्राने त्यांच्या मनावर बिंबविले. त्यांनी चोरून मांस खाल्ले. परंतु आईवडिलांशी असत्य बोलणे असह्य होऊन ते सोडले. १८८८ साली ते विलायतेस गेले. तेथे आरंभी केवळ मातेस दिलेल्या वचनामुळे ते मांस टाळीत व मित्रांचा आग्रह सोशीत. हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यावर मात्र तोच नियम त्यांनी विचारपूर्वक आपलासा केला.

बळ जाण्याच्या भयास गीतेतच उत्तर आहे. १७ व्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या फळांत आयुष्य व आरोग्य यांबरोबर बळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तथापि श्रद्धेस विवेकाची जोड हवी. धान्ये व कडधान्ये यांतून प्रथिने मिळतात. परंतु ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत विश्वसनीय प्रमाणात नसते. दूधही वर्ज्य करणाऱ्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य घ्यावे.

गृहस्थाने आपल्या व्रताचा भार पत्नीवर टाकू नये. स्वयंपाकात स्वतः हातभार लावावा. मांसाहारी आप्तांस तुच्छ लेखू नये. अन्यथा ताटातील मांस जाईल, पण मनातील अहंकार तसाच राहील.