पाळलेला पोपट : परिसर अभ्यासाचा एक पाठ

झाडाच्या ढोलीतून काढलेले पोपटाचे पिल्लू एखादा विद्यार्थी सदऱ्यात लपवून शाळेत आणतो आणि सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. हा प्रसंग खेड्यातील शिक्षकास अपरिचित नाही. अशा वेळी मुलास रागे भरून काही साधत नाही. त्याच्या मनात पक्ष्याविषयी माया असतेच. तिला ज्ञानाची जोड देणे हे आपले काम होय.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगावी. आपल्या रानातील पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. पिल्लू नुकतेच काढलेले असल्यास ढोलीचे ठिकाण विचारून घ्यावे आणि विलंब न लावता नजीकच्या वन विभागाच्या कार्यालयास कळवावे. पुष्कळ दिवस पाळलेला पोपटही आपण होऊन सोडून देऊ नये. त्यास अन्न शोधण्याची व शत्रू ओळखण्याची सवय राहिलेली नसते.

मग घरी कोणता पोपट पाळता येतो? बाजारात ज्यास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तो लहानसा पक्षी बहुधा बजरीगार असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडमध्ये नेला, आणि तेव्हापासून त्याची पैदास माणसाच्या घरी होत आली आहे.

त्याच्या पालनाचे मुख्य तत्त्व एकच आहे : पोपट हा थव्याने राहणारा, सदैव उद्योगी पक्षी आहे. रानात त्याचा दिवस दाणे शोधण्यात, फांद्या कुरतडण्यात व सोबत्यांना साद घालण्यात जातो. पिंजऱ्यात ही सारी कामे हिरावली गेली, म्हणजे तो कर्कश ओरडतो, चावतो, प्रसंगी स्वतःची पिसेही उपटतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. आजार नसेल, तर बहुधा एकटेपणा व रिकामपण यांचाच हा परिणाम असतो.

सुरक्षितता : पिंजरा उंचीपेक्षा लांबीने मोठा असावा, म्हणजे पक्ष्यास थोडे उडता येईल. गजांतील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक नसावे. गंजलेली किंवा रंगाचे पोपडे निघालेली तार वापरू नये. पोपट ती चोचीने सोलतो व विषबाधा होते. पिंजरा चुलीजवळ टांगू नये. धूर त्यास बाधतो, आणि न चिकटणारा तवा फार तापल्यास त्यातून निघणारी वाफ त्याचा प्राण घेऊ शकते. पक्षी बाहेर सोडण्यापूर्वी पंखा बंद करावा, पाण्याची भांडी झाकावी व मांजर घराबाहेर आहे याची खात्री करावी.

आहार व उद्योग : राळा, वरी, बाजरी यांबरोबर कोथिंबीर, मेथी, गाजर रोज थोडे द्यावे. चहा, चॉकलेट, खारट व तळलेले पदार्थ देऊ नयेत. सारे दाणे वाटीत न ओतता काही कागदाच्या पुडीत गुंडाळावे, काही कणसातच राहू द्यावे. शोधून खाण्यात त्याचे मन रमते. बसण्यासाठी एकसारखी गुळगुळीत काठी न लावता पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या लावाव्या. शक्य तर जोडीदार ठेवावा. रात्री दहा-बारा तास शांतता व अंधार मिळावा.

वळण : पोपट चावला म्हणून त्यास मारू नये, त्याच्यावर ओरडूही नये. त्याच्या ओरडण्यास आपण ओरडून उत्तर दिले, की ओरडल्याने माणूस दाद देतो असे तो शिकतो. तो शांत असता त्याच्याशी बोलावे. बोट त्याच्या छातीच्या खालच्या भागाशी हळूच टेकवावे. तो बोटावर चढला की लगेच दाणा द्यावा. रोज दहा मिनिटे पुरेत. तो मागे सरला, तर त्या दिवशी पाठ संपला असे समजावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. पोपटाच्या पायाची किती बोटे पुढे व किती मागे असतात? (दोन पुढे, दोन मागे.) याचा त्यास कोणता उपयोग होतो?
२. पिंजऱ्यातील पोपट का ओरडतो?
३. ढोलीतून पिल्लू काढल्यास त्याच्या आईबापांचे काय होत असेल?

उपक्रम : ज्वारी दाण्यावर आली असता मुलांना शेताच्या बांधावर न्यावे. कणसावर उतरलेला थवा दुरून दाखवावा व पोपट कणीस पायात कसे धरतो याचे चित्र काढण्यास सांगावे.

अर्थ न समजता केलेल्या पाठांतरास आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. परंतु पोपट आपल्या माणसांचे शब्द उचलतो, ते त्यांना आपला थवा मानतो म्हणून. धाकाने तो गप्प होतो, मायेने बोलू लागतो. शिक्षकांनी हा पाठ मुलांना द्यावा, आणि स्वतःही घ्यावा.