नुसत्या नावावर पोवळं घेऊ नकोस

अगं, टाकीचा फोटो पाहिला. समुद्रापासून इतक्या आत, डोळखांबच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची तुझी हौस मला मनापासून आवडली. पण दुकानदाराने पाठवलेली पोवळ्यांची यादी वाचली आणि लगेच लिहायला घेतलं. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, फ्लॉवरपॉट, मश्रूम, झोआ. ही सगळी धंद्यातली नावं. नेमका कोणता जीव घरी येणार, हे त्यातल्या एकाही नावावरून कळत नाही.

मश्रूमचंच बघ. दुकानात या नावाने बहुतेक वेळा डिस्कोसोमा मिळतो. तो मऊ असतो, सांगाडा नाही, दगडाला चिकटून राहतो. प्रवाळांच्या पुस्तकांत मात्र मश्रूम कोरल म्हणजे फंजिया. लक्षद्वीप-अंदमानकडे आढळणारा हा जीव म्हणजे चुन्याची टणक चकती, मोठा झाला की वाळूवर सुटा पडून राहणारा. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीच्या छत्रीखाली जशा बारीक पाकळ्या दिसतात, तशा कडा त्याच्या चकतीवर मधल्या फटीपासून काठापर्यंत गेलेल्या असतात. जिवंतपणी वर मांस पसरलेलं असतं, म्हणून फोटोत दोघं सहज एकसारखे वाटतात.

एवढं खोलात शिरते, कारण फंजिया हे दगडी प्रवाळ आहे. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच अनुसूचीत. शिक्षा तीन ते सात वर्षांची. तुझ्या यादीतले हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, फ्लॉवरपॉट सगळे दगडीच. कायदा जीव बघतो, बिलावरचं लाडकं नाव नाही. ‘माल परदेशी आहे’ असं दुकानदार म्हणेल. त्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. दगडी प्रवाळांचा देशोदेशींचा व्यापार साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या कागदांवर चालतो आणि त्या कागदांवर शास्त्रीय नाव असतं. कागद दाखवलेच, तरी आधी शहापूरला वन विभागात विचारून ये.

बरं, फ्लॉवरपॉट म्हणूनही दोन वेगळे जीव विकतात. फुललेल्या एका तोंडाभोवतीचे तंतू मोज: २४ असले तर गोनिओपोरा, १२ असले तर अल्व्हिओपोरा. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन मिटलेले असताना ओळखू येत नाहीत, तंतूंची टोकं उघडली की मगच कळतं. शास्त्रज्ञांनी तर या दोघांना टॉर्चपासून वेगळं काढून फिंब्रियाफिलिया वंशात टाकलंय, तरी बाजारात अजून तिन्ही युफिलियाच.

सगळ्यात जास्त काळजी मला झोआची आहे. त्या नावाखाली पालिथोआ हमखास येतो. दिसायला गोजिरवाणा, पण काही पालिथोआंत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड साफ करायचा म्हणून तो उकळत्या पाण्यात घातला आणि नुसती वाफ श्वासात गेली, तरी अख्खी घरं दवाखान्यात पोचली आहेत. तू तर भांड्यांसारखं सगळं उकळून काढणारी! त्या दगडाला गरम पाणी लावू नकोस, ब्रशने घासू नकोस. हात घालायचाच तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि पोरांना टाकीत बोटं घालू देऊ नकोस.

दुकानदाराकडून यादीतल्या प्रत्येकासमोर शास्त्रीय नाव लिहून घे, उघडलेल्या अवस्थेतले जवळून काढलेले फोटो माग आणि मला पाठव. तोवर आगाऊ रक्कम म्हणून एक रुपयाही देऊ नकोस.